तोरणात गेलेलं बी

आते,

म्हणजे चूक परत माझीच, असंच ना? असणारच. आपल्या घरात दूध उतू गेलं तरी मंग्या, कोंबडी मुंगसानं नेली तरी मंग्या. पण मी म्हणतो, माणसानं एकदा तरी धड सांगावं की नाही? काही विचारलं की तुझं ठरलेलं, "तुला नाय कळायचं. तुझं बूड कुठं टेकतंय का घटकाभर?" नाही टेकत, कबूल. पण मला कान होते ना? पडवीतल्या जुड्या कशासाठी आणि चुलीवरच्या जुड्या कशासाठी, एवढं बोलायला तुझं काय जात होतं गो?

आपलं भांडण तू गेलीस म्हणून मिटलं, असं समजू नकोस.

तुला कधी एक ओळ लिहिली नाही मी. तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहायचा कंटाळा. नववीत शाळा सोडून घरी आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "निदान सही तरी घोटून यायचास." आज मांडवाच्या गोदामात, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसून लिहितोय. रविवार आहे, भर दुपार. बाकीची पोरं जेवायला बाहेर गेलीत. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. तसं खोटंही नाही ते.

माझ्या पोटाला, शर्टाच्या आत, एक ओलं फडकं बांधलंय. त्यात भाताचे दहा दाणे आहेत. वैशाखात तू कमरेला बांधायचीस तसेच. अंगाच्या उबेनं मोड येतात का बघायला. आज चौथा दिवस. आज गाठ सोडून मोड आलेले मोजायचे. सकाळपासून हात गाठीपाशी जातो आणि परत येतो.

मला भीती वाटते, आते. मला! दोन पावसाळे कशेडी घाटात ट्रकवर क्लीनर होतो. धुक्यात गाडी मागं सरकायला लागली की उडी मारून चाकाखाली दगड लावायचो. इथं तीस फुटी बांबूच्या टोकावर बसून सुंभ आवळतो आणि खालच्यांना वाकुल्या दाखवतो. आणि एका फडक्याची गाठ सोडवेना!

म्हणून आधी तुला सगळं सांगतो. मग सोडतो.

इथं नाशिकला एका कॉलनीच्या मैदानावर सुगी आटपली की चार दिवसांचा बाजार भरतो. शेतातलं आणि हातानं केलेलं, दोन्ही. माठ, घोंगड्या, बांबूच्या टोपल्या, नाचणीचे पापड, नवा गूळ, वारली चित्रं. लोक सूप हातात घेऊन विचारतात, "हे भिंतीवर लावायला मागं हुक आहे का?" तू असतीस तर सूप हिसकावून घेतलं असतंस त्यांच्या हातातून.

मांडव आमच्या शेठचा. मी वर चढून कापड ताणत होतो आणि खाली वैशाली मॅडम, म्हणजे बाजाराचं सगळं बघणाऱ्या बाई, फोनवर कुणाला तरी बोलत होत्या. टोपलीवाले येणार नव्हते, त्यांच्याकडं लग्न निघालं. एक गाळा रिकामा. मी वरूनच ओरडलो, "मॅडम, आमच्याकडं भाताच्या लोंब्यांची तोरणं करतात."

"कोण करतं?"

"आम्हीच."

बघ, तिथंच पहिलं खोटं. 'आमची आते करायची' असं म्हणायला हवं होतं. तुला जाऊन महिना झाला होता फक्त.

"किती आणशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चाळीस. त्या वर बघून हसल्या. "मला वाटलं, तू नुसता बांबूवाला."

तो शब्द मला लागला. सात वर्षांत मी काय काय झालो ते तूच मोजून दाखवायचीस. पोलादपूरला गॅरेजात पोऱ्या, मग एमआयडीसीत ठेकेदाराकडं, मग क्लीनर, मग बांबूवाला. एकदा तरी स्वतःच्या गाळ्यात बसावं, समोर आपलं काहीतरी मांडलेलं असावं, असं वाटलं. वाटू नये का?

शेठकडून दोन दिवसांची सुट्टी काढून एसटीनं घरी आलो. बाबा पहिल्या पाळीला गेलेले, धाकटी सुमी महाडला कॉलेजात. किल्ली उखळाखाली, तू ठेवायचीस तिथंच. तुझा झोडणीचा पाट भिंतीला उभा. तू झोडणी अर्धी टाकून खळ्यावरच बसलीस आणि परत उठली नाहीस, त्या दिवसापासून तो कुणी आडवा केला नाही म्हणे.

पडवीतल्या जुड्या बघितल्या. उंदरांनी लोंब्या साफ करून नुसत्या काड्या ठेवल्या होत्या. मग आत गेलो. चुलीवर वाशाला अकरा जुड्या टांगलेल्या. धुरानं पिवळ्याच्या तांबूस झालेल्या, एकेक लोंबी निवडून घेतलेली, आणि ती काळीभोर कुसळं, बोटभर लांब, हात लावला की करकरणारी. मसाल्याच्या पाट्यावर पाय देऊन चढलो. काढल्या, पोत्यात भरल्या, किल्ली उखळाखाली ठेवली आणि दुपारच्याच गाडीला बसलो. सुमीला फोनसुद्धा केला नाही. कुणी विचारू नये असंच वाटत होतं.

विणता येतं मला, हे तुला ठाऊक नव्हतं ना? तू पडवीत बसून विणायचीस आणि मी समोर मोबाइलवर खेळत असायचो. तू म्हणायचीस, "बघतोस कुठं? हितं बघ." अगं, बघत होतो. तीन काड्यांचा पेड, चौथी खालून घ्यायची, लोंब्या सगळ्या एका अंगाला. बोटांना सगळं येत होतं. पहिलं तोरण जमलं तेव्हा इथल्या पोरांनी शिट्या मारल्या.

फक्त एक आठवलं नाही. काड्या वाळून कडक झाल्या होत्या, वाकवली की मोडायची. तू ओल्या करायचीस एवढं माहीत, पण कशा? मग मी आपलं डोकं चालवलं. पाण्याचं पिंप होतं, त्यात नऊ जुड्या रात्रभर बुडवून ठेवल्या, लोंब्यांसकट. उरलेल्या दोन मावल्या नाहीत म्हणून कोरड्या राहिल्या. सकाळी भिजलेल्या काढून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. लागेल तशी एकेक जुडी काढायची आणि विणायची, असं दोन दिवस चाललं.

हसलीस ना? हस. खाडीकडची माणसं रहू करतात, पेरायच्या आधी भात भिजवून गोणपाटाखाली दाबून मोड आणतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. मी अगदी तेच करत होतो. ऐन मार्गशीर्षात, तोरणं करायला!

बाजार उघडला आणि माझ्या गाळ्यावर ही गर्दी. दीडशे रुपयाला एक. त्या काळ्या कुसळांनी वेडच लावलं लोकांना. एक ताई म्हणाल्या, "हे खरं भात आहे की प्लॅस्टिक?"

"खरं हाय ताई. टोचून बघा."

त्यांनी बोट लावलं, "आई गं!" म्हणून ओरडल्या आणि दोन घेतली.

मॅडम म्हणाल्या, "लोकांसमोर बसून विण, त्यांना बघायला आवडतं." मग त्या कोरड्या दोन जुड्या घेऊन गाळ्यातच बसलो. पिंप नव्हतं, म्हणून नुसत्या काड्यांवर पाणी शिंपडत विणली. दहा झाली. पोरीबाळी फोटो काढत होत्या. सांगू का, त्या दोन दिवसांइतका मी कधी खूश नव्हतो. शेठ स्वतः येऊन चहा देऊन गेला.

शेजारच्या गाळ्यात एक माठवाले मामा होते, सत्तरीचे. सारखी माझी चेष्टा. "काय रे कोकण्या, भात शिजवायचं सोडून टांगायला लागलात का तुम्ही?" पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक लोंबी हातात घेऊन नाकाशी नेली होती. "धुरातली आहे ही. बियाण्याची वाटते."

"छे ओ मामा, घरचीच हाय," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई तोरण घेऊन आल्या. मला वाटलं, परत करायला. पण त्या आनंदानं नाचायच्या बाकी होत्या. "अहो, हे बघा ना! ताजं राहावं म्हणून मी रोज पाणी मारते, तर हे उगवलं!" लोंब्यालोंब्यांतून हिरवी टोकं बाहेर आलेली. सगळे जमले. मॅडमनी फोटो काढला. मीसुद्धा हसलो. मग गाळ्यातलं एक तोरण हातात घेतलं, एक दाणा नखानं उघडला. आत पांढरा कोंब, येऊन तसाच सुकलेला. दुसरा उघडला. तोच प्रकार. तिसरा.

मामा एकटेच हसत नव्हते. म्हणाले, "पोरा, खायच्या भाताची लोंबी कुणी धुरात टांगत नाही. घरी फोन लाव."

मी मांडवाच्या मागं गेलो, जनरेटरच्या आवाजात.

"सुमे, आते तोरणाच्या काड्या कशा भिजवायची गो?"

"काड्याच तेवढ्या ओल्या फडक्यात. लोंब्या भाईर. का रे?"

"काय नाय. सहज."

"दादा."

"काय?"

"चुलीवरच्या जुड्या तू नेल्यास?"

तीच म्हणाली, "मी सगळं घर पालथं घातलं रे. उंदरांना शिव्या दिल्या. दादा, बी होतं ते. आतेचं कुसळीचं बी. बाकी सगळं भात गिरणीत जाऊन तांदूळ झालं. तेवढंच ठेवलं होतं तिनं."

"बाबांना कळलं?"

"अजून नाय."

फोन ठेवला. मांडवाचा बांबू धरून खाली बसलो गो. गावात आता सगळे दुकानातलं पिशवीतलं बी आणतात. कुसळीचं भात फक्त आपल्या वरच्या दोन खाचरांत, तू लावायचीस म्हणून. तुझ्या सासरी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, ती शेतं कधीच ओस पडली. मागायचं कुणाकडं?

तू त्या घरात बारा वर्षं काढलीस आणि एक दिवस चालत परत आलीस, ते मी आजाकडून ऐकलंय. सासरच्यांनी एक भांडं दिलं नाही. आजानं विचारलं, "काय आणलंस?" तू पदराची गाठ सोडून दाखवलीस. मूठभर भात. त्यांच्या खळ्यावरून, निघता निघता उचललेलं. म्हणालीस, "याला डुकरं तोंड लावीत नाय." एवढंच. बारा वर्षांचं एवढंच. आणि ते मी दीडशे रुपयाला एक असं विकून मोकळा झालो.

तळीयेवर डोंगर कोसळला त्या पावसातलं आठवतं तुला? आपल्या वरची टेकडीही भेगाळली होती. सरपंच घराघरांत ओरडत फिरत होते, शाळेत चला, शाळेत चला. मी सुमीला घेऊन पोचलो आणि मागं बघतो तर तू नाहीस. परत धावलो. तू दारातून बाहेर येत होतीस, छातीशी प्लॅस्टिकात गुंडाळलेलं काहीतरी. चिखल गुडघ्यापर्यंत. मी तुला नाही नाही ते बोललो. जिवापेक्षा भात मोठं काय, म्हातारे? मरायचंय का तुला? तू एक शब्द उलट बोलली नाहीस. शाळेच्या वऱ्हांड्यात बसून ते बोचकं पदरानं पुसत राहिलीस. मला वाटलं, तू घाबरलीस म्हणून बोलत नाहीस. तू कशाला घाबरली होतीस ते मला आता कळतंय.

मग मी तोरणं परत आणायला निघालो.

छत्तीस विकली होती, चार उरलेली. लोकांनी पैसे फोनवर स्कॅन करून दिलेले, त्यामुळं माझ्या मोबाइलमध्ये सगळ्यांची नावं होती. वॉचमनला दाखवायचो, हे कुठं राहतात? तो म्हणायचा, बी बिल्डिंग, तिसरा मजला. मग मी जिना चढायचो आणि दारात उभा राहायचो. बेल दाबायला हात उठायचा नाही. आत कुत्रं भुंकायचं.

काय सांगायचं लोकांना? आधी खरं सांगायचो. "ताई, ते बी होतं, चुकून विकलं." एकीनं दार लावून घेतलं. एक साहेब म्हणाले, "विकत घेतलंय मी. ऑनलाइन पैसे दिलेत. आता कसलं परत?" मी म्हटलं, पैसे परत देतो. "आणि दाराला खिळा ठोकलाय त्याचं काय?" खिळा, आते! मी खिसे चाचपले, जणू त्यात खिळा असणार.

एका घरात तोरणावर चकाकीचा स्प्रे मारलेला. काचेसारखं झालं होतं. त्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आता दहा वर्षं काही होत नाही याला." मी हात जोडून खाली उतरलो आणि जिन्यात रडलो. एका गॅलरीत चिमण्या लोंब्यांना लोंबकळून मजेत खात होत्या. मी "हाऽऽ" करून ओरडलो, खळ्यावर ओरडतात तसा. खालची माणसं वर बघायला लागली.

पण सगळे तसे नव्हते हं. सी बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. स्वतः स्टुलावर चढले, मी नको नको म्हणताना, आणि तोरण उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळलं, एक दाणा सांडू नये म्हणून. मी दीडशे रुपये काढले. म्हणाले, "हे ठेव. आणि उगवलं की मला फोटो पाठव." मग मला दारापर्यंत सोडायला आले. "आत्याचं नाव काय तुझ्या?" मी तुझं नाव सांगितलं. अनोळखी माणसापुढं तुझं नाव मी पहिल्यांदा घेतलं.

आणि ती पाणी शिंपडणारी बाई! तिला वाटलं, मॅडमनी काढलेला तो फोटो पेपरात छापायचाय म्हणून मी आलोय. खरं कळल्यावर तिनंच फोनवर बिल्डिंगभर निरोप फिरवला. तिच्यामुळं एका दिवसात नऊ परत आली.

पंचवीस आली, आते. अकरा नाही आली. काही चिमण्यांनी खाल्ली, काही चकाकली, काही दुसऱ्या गावी पाहुण्यांना भेट गेली. ज्यांनी परत दिली त्यांना पैसे दिले. आजोबांनी नाही म्हटलं तरी मी परत वर जाऊन त्यांच्या पायपुसण्याखाली सरकवून आलो.

मग मामांबरोबर बसलो. एकेक तोरण उसवलं, एकेक लोंबी, एकेक दाणा. कोंब आलेले मेले. मी पिंपात बुडवलेले सगळे मेले. जे गाळ्यात बसून कोरडे विणले, त्यातलंच काय ते वाचलेलं. मामा म्हणाले, "डोळे फुटायची वेळ आली रे कोकण्या," पण उठले नाहीत. शेवटी उरलं ते माझ्या दोन ओंजळी भरून. तेही वरून धड दिसतंय म्हणून. आतून जिवंत आहे की नाही, कुणास ठाऊक. त्यातलेच दहा दाणे माझ्या पोटाला बांधलेत.

आता ते सांगतो जे मी सुमीलाही सांगितलं नाही.

सुरुवातीला भांडलो ना तुझ्याशी, तू सांगितलं नाहीस म्हणून? तू सांगितलं होतंस. मी आठ वर्षांचा होतो. पतंगाला शेपूट हवं होतं, म्हणून चुलीवरच्या जुडीची चिंधी ओढली. तुझ्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी. जुडी सुटून राखेत पडली. तू माझ्या कानाखाली अशी काढलीस की सुमी रडायला लागली. आणि मग मला मांडीवर घेऊन म्हणालीस, "पेंढ्यानं बांधलेली जुडी कोणाचीबी. चिंधीनं बांधलेली माझी. तिला हात लावायचा नाय, मी मेले तरी."

त्या दिवशी पाट्यावर चढलो तेव्हा अकराच्या अकरा जुड्यांना चिंध्या होत्या. मी दातांनी सोडल्या. हिरव्या नव्हत्या, निळ्या होत्या, तुझ्या गेल्या वर्षीच्या लुगड्याच्या. क्षणभर हात थांबला होता माझा, आते. खरं सांगतो, थांबला होता. मग मनात आलं, 'नुसता बांबूवाला'. आणि मनात आलं, आता कोण बघतंय.

ह्याची भीती वाटते मला. बी गेलं त्याची तर वाटतेच. पण मला आठवत होतं आणि तरी मी सोडल्या, ह्याची जास्त. असा माणूस आहे का मी? तुला माहीत होतं का? म्हणून कधी चुलीकडं एकटं सोडत नव्हतीस?

उत्तर नको देऊस. देऊ नकोस.

आता सोडतो.

सोडलं. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दातच लावावा लागला. फडकं मांडीवर पसरलंय.

एक आहे. मोड आलाय, चांगला नखाएवढा. दोन. तीन. हा नाही. हा पण नाही, काळा पडलाय. चार. हा नाही. पाच. हा नाही.

दहाव्याला टोकाला पांढरं दिसतंय. का मला दिसावंसं वाटतंय? उजेडात नेऊन बघितला. नाही. पाचच.

तू म्हणायचीस, आठ आले तर नेहमीसारखं पेरायचं. पाच आले तर दुप्पट टाकायचं. पाचाच्या खाली गेलं तर ते बी नाय, ते दाणे, शिजवून खा. पाच आले, आते. अगदी काठावर. एक जरी कमी आला असता तर मी काय केलं असतं, मला विचार करवत नाही. आता दोन ओंजळींची एकच ओंजळ समजायची. एक ओंजळ म्हणजे तुझ्या पदरात होतं त्याच्यापेक्षा जास्तच, नाही का? पण तुझ्या मुठीतलं सगळं जिवंत होतं. आणि जूनपर्यंत सहा महिने आहेत. उंदीर आहेत, ओल आहे, किडे आहेत. एवढंसं बी एवढे दिवस सांभाळायचं कसं, ते पण तूच करायचीस. मला झोपेतसुद्धा दाणे मोजल्यासारखं होतं.

तर ऐक. येत्या शनिवारी मी येतोय. बी पिशवीत नाही टाकणार, एसटीत मांडीवर घेऊन बसणार. चुलीवर मीच टांगणार, तुझ्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधून. चिंध्या फेकल्या नाहीत मी, पोत्याच्या तळाशी सापडल्या. बाबांना मीच सांगणार, समोर उभं राहून, चिंध्यांचंसुद्धा. मारतील तर मारू देत. आणि पाऊस लागायच्या आधी शेठला सांगून गावी येणार, रोपांसाठी राबाची पट्टी मीच भाजणार, पेरणार, लावणी होईपर्यंत हलणार नाही. बूड टेकणार, आते. पहिल्या वर्षी एक दाणा खायचा नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. चिंधी बांधलेल्या जुडीला परत हात लावणार नाही, तू मेलीस तरी.

राहता राहिली ती अकरा तोरणं. ती काही परत येत नाहीत. पूर्वी गावात कुणी बियाणं मागितलं तर तू पैसे घेत नव्हतीस, सुगीला तेवढंच बी परत घ्यायचीस. माझ्याकडं त्याचे पैसे आहेत आणि ते जवळ ठेवायला मला धीर होत नाही. म्हणून आजच सुमीच्या फोनवर पाठवतो. तिला म्हटलंय, खर्च करू नको, वरच्या खाचराचा बांध पावसात फुटलाय तो ह्यातून घालून घे, बाकीचं मी आल्यावर बघतो. मोजून, एक रुपया इकडं तिकडं नाही, सोळाशे पन्नास रुपये.

तुझाच,
मंग्या